पहिला हप्ता तुम्हीच भरा!

आजच्या भाषणाचा विषय छापलाय ‘पगार की कमिशन’. ज्यांना अजून निवड करायची आहे ती मुलं दाराजवळ उभी, आणि ज्यांची करून झाली ते पेन्शनर पंख्याखाली. असो.

मी आयुष्यभर विमा एजंट. १९ जानेवारी १९५६ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण रेडिओवरून जाहीर केलं ते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, सुरू झालं १ सप्टेंबरला. तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे! तेव्हा कायम नोकरीचं फार कौतुक नको.

आता माझं जुनं दुखणं. एक सरकारी अधिकारी, नाव घेत नाही, बदली होऊन गेलेत. त्यांच्या घरी माझ्या खेपांवर खेपा. जन्मदाखला मीच झेरॉक्स करून आणला, मेडिकलला स्कूटरवरून मीच नेलं. फॉर्मवर सही झाली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “पहिला हप्ता तुम्हीच भराल ना? तो दुसरा एजंट भरतोय.”

अहो, विमा कायदा १९३८, कलम ४१! गिऱ्हाइकाचा हप्ता एजंटानं भरणं म्हणजे कमिशनातली सूट; ती एजंटानं द्यायची नाही आणि गिऱ्हाइकानं घ्यायचीही नाही. दंड पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता, २०१५पासून दहा लाखांपर्यंत. हे कलम त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. मी म्हटलं, “भरतो. तुमचा पंधरा दिवसांचा पगार मला द्या.” साहेब खो खो हसले. त्यांना वाटलं, एजंट विनोदी आहे. पगाराला कुणी हात लावत नाही, कमिशनात मात्र सगळ्या गावाचा वाटा. हसताय काय, इथेही दोघंतिघं आहेत माझ्याकडून हप्ता मागितलेले.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

मुद्दा असा, की कमिशन एकदाच मिळणार की पुन्हा पुन्हा, हे आधी बघा. जागेच्या दलालाला दलाली एकदाच, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आमच्याकडे मोठ्या मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी एजंटाचा बोनस धरून हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, पुढची दोन वर्षं साडेसात, मग पाच. हे माझ्या काळातले दर, हल्ली बदललेत. त्या पाच टक्क्यांच्या रिन्यूअलनं, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरच्या कमिशननं, म्हातारपणी आधार दिला. एजंट गेला तर नियमात बसणाऱ्यांच्या वारसांना ते मिळतं. पगार वारसाला मिळत नाही. हप्ते थकून पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली, की मात्र सगळं संपलं, म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी एजंटालाही पचत नाही.

पण पहिली काही वर्षं खायचं काय? आमची मंडळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पगाराची पहिली तारीख तिची, कर वाचवायला पॉलिसी घेणाऱ्यांचा मार्च महिना माझा. घरकर्जाला बँकेनं तिची पगारपत्रकं लगेच घेतली, माझी मात्र मागच्या वर्षांची रिटर्नं चाळत बसले. घरात एकही पगार नसेल आणि डोक्यावर कर्ज असेल, तर आधी नोकरीच धरा. पीएफ, ग्रॅच्युइटी ही काही थट्टा नाही. महामंडळाच्या एजंटांची ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख व्हायला २०२३ उजाडलं.

आणि हल्ली नोकरीतही टार्गेट असतंच. खासगी बँकेतल्या मुलांना विचारा. धाक कमिशनवाल्याचा, पैसे मात्र पगाराचे. त्यापेक्षा माझा धंदा बरा.

‘अमर्याद कमाई’ अशी जाहिरात दिसली, तर फिक्स किती, पेट्रोल कुणाचं आणि गिऱ्हाइकानं रद्द केलं तर दिलेलं कमिशन परत कापणार का, एवढं नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी नको.

हो, थांबतो. प्रश्न विचारा. पॉलिसीविषयीचे चहाच्या वेळी, फॉर्म आणलेत मी.