व्हीडीआरएल ‘रिॲक्टिव्ह’ आली? घरात भांडायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. गरोदर बाईची पहिली तपासणी म्हटली की हिमोग्लोबिन, शुगर, रक्तगट, एचआयव्ही आणि त्याच चिठ्ठीवर व्हीडीआरएल. ही तपासणी कशाची, हे बहुतेकांना रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’ छापून आल्यावरच कळतं. मग कुणीतरी मोबाईलवर शोधतं, ‘गरमी’ म्हणजे सिफिलिस, शरीरसंबंधातून लागणारा आजार, असं सापडतं आणि सासर-माहेरची बैठक बसते.

जरा थांबा. ही तपासणी त्या जंतूला शोधतच नाही! ट्रेपोनेमा पॅलिडम हा जंतू १९०५ साली जर्मनीत सापडला, पण आजही नेहमीच्या लॅबमध्ये तो वाढवता येत नाही. कल्चर लावलं आणि काम झालं, असं इथे नाही. म्हणून लॅब वळसा घेते. या आजारात शरीर कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्या शोधायच्या.

कशा? बऱ्याच लॅबमध्ये व्हीडीआरएलच्या नावाखाली तिची धाकटी बहीण आरपीआर करतात. पांढरं गुळगुळीत कार्ड, त्यावर गोल. गोलात सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवाचा थेंब, वर अँटिजेनचा, म्हणजे कार्डिओलिपिन असलेल्या द्रावाचा थेंब, त्यात कोळशाची बारीक पूड. कार्ड रोटेटरवर ८ मिनिटं फिरतं, मिनिटाला १०० फेरे. मग उजेडात बघायचं. सगळीकडे एकसारखा करडा रंग असेल तर नॉन-रिॲक्टिव्ह, काळे दाणे जमले तर रिॲक्टिव्ह. कुणी चहा पिऊन उशिरा बघितलं आणि थेंब सुकला, तर नसलेले दाणेही दिसतात.

शिवाय अशाच अँटिबॉडी मलेरियात, कुष्ठरोगात, ल्युपसमध्ये, कधी नुसत्या गरोदरपणातही सापडतात. म्हणून दुसरी तपासणी, टीपीएचए. ती थेट या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी बघते. पण तिचीही एक खोड आहे: एकदा पॉझिटिव्ह आली की आजार बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर तशीच राहते. आजार आत्ता आहे की जुना, हे तिला सांगता येत नाही.

ते कळतं टायटरवरून, आणि रिपोर्टमधला हाच आकडा लोक वाचत नाहीत. सीरम निम्मं-निम्मं पातळ करत जायचं आणि दाणे कुठपर्यंत दिसतात ते लिहायचं. उपचारानंतर १:३२ चं १:८ झालं, म्हणजे चौपट उतरलं, तर औषध लागू पडलं. १:८ चं १:४ झालं तर त्यात खूश होण्यासारखं काही नाही, तेवढा फरक तपासणीतच पडतो. म्हणून पुन्हा तीच तपासणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. रिपोर्टवर टायटर नसेल तर मागून घ्या.

उलटंही होतं. या आजाराची पहिली जखम, बहुधा गुप्तांगावरची, नुकतीच झाली असेल तर रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह येऊ शकतो. तेव्हा कागद बघून जखमेकडे दुर्लक्ष करू नका.

गरोदर असाल तर मात्र वाट बघण्यात आठवडे घालवू नका. हा जंतू वारेतून बाळापर्यंत जातो, बाळ पोटातच दगावू शकतं. सुरुवातीच्या सिफिलिसला बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन लागतं, जुन्याला आठवड्याच्या अंतराने तीन. दुखतं, खोटं कशाला सांगू.

आणि नवऱ्याचीही तपासणी हवीच, नाहीतर लागण परत होते. ओळखीच्या डॉक्टरकडे जायला तो लाजत असेल, तर जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’, म्हणजे अशा आजारांसाठीचं सरकारी केंद्र, कुठे आहे ते विचारा. तिथे दोघांनाही नेता येतं.