ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांतील संध्याकाळची बोटफेरी : वेळ, बोट आणि ग्लास

नमस्कार. ॲम्स्टरडॅमला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या यादीत ट्यूलिपच्या बागा, रेम्ब्रांटची चित्रे आणि कालव्यांतील बोटफेरी या तीन गोष्टी ठरलेल्या असतात. त्यांपैकी बोटफेरीचे तिकीट काढायला बसले की आजकाल सर्वांत वर झळकते ती ‘संध्याकाळची फेरी, पेये समाविष्ट’ ही जाहिरात. कुठे वाइन आणि चीज, कुठे हवी तितकी बिअर, कुठे मेणबत्त्यांच्या उजेडात कॉकटेल. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे तिकीट पेयांच्या नावाने विकले जाते, पण ते काढताना पाहायचे असतात सूर्यास्ताची वेळ आणि बोटीचे छप्पर. या दोन गोष्टी जमल्या, तर हातात वाइन असो वा सफरचंदाचा रस, फेरी चांगलीच होते.

प्रथम वेळेबद्दल बोलू, कारण आपली फसगत सर्वाधिक तिथेच होते. मुंबईत सूर्य वर्षभर सहा ते साडेसातच्या दरम्यान कधीतरी मावळतो, त्यामुळे ‘संध्याकाळी सात’ म्हटले की दिवेलागणीचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहते. ॲम्स्टरडॅम सुमारे ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या अखेरीस सूर्यास्त रात्री दहा वाजून गेल्यावर होतो, तर डिसेंबरमध्ये तो दुपारी साडेचारच्या सुमारासच उरकतो. म्हणजे जूनमध्ये सात वाजता सुटणारी ‘इव्हनिंग क्रूझ’ प्रत्यक्षात टळटळीत उन्हातली फेरी असते, आणि तीच फेरी डिसेंबरमध्ये घेतली तर सूर्य मावळून अडीच तास उलटलेले असतात.

[पडद्यावर : जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमधील सूर्यास्ताच्या वेळा]

माझ्या मते सर्वांत चांगली फेरी ती, जी सूर्यास्ताच्या सुमारे वीस मिनिटे आधी सुटते आणि पूर्ण अंधार पडल्यावर परत येते. विटांच्या दर्शनी भिंतींवरचे तिरपे ऊन, मग तो निळसर संधिप्रकाश आणि शेवटी पुलांवरचे दिवे, असे तिन्ही प्रहर एकाच तिकिटात मिळतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरच्या मध्यास सूर्यास्त आठ-साडेआठच्या आसपास असतो, त्यामुळे हे गणित त्या दिवसांत सहज जुळते. मुलांना घेऊन जूनमध्ये गेलात, तर दहा वाजेपर्यंत त्यांना जागे ठेवण्यापेक्षा उन्हातली फेरी स्वीकारणे शहाणपणाचे ठरते. हिवाळ्याचे एक वेगळे आकर्षण आहे. २०१२ पासून तिथे दर हिवाळ्यात प्रकाशोत्सव भरतो आणि कलाकारांनी घडवलेल्या प्रकाशकृती कालव्यांच्या काठी आणि पाण्यावर मांडल्या जातात. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो ही अडचण राहत नाही, उलट सोय होते. मात्र त्या फेऱ्यांची आसने लवकर भरतात.

आता बोटीकडे वळू. तिथे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे काचेच्या छपराची लांब, बुटकी, शंभरएक माणसे बसतील अशी बंदिस्त बोट, आणि दुसरी म्हणजे दहा-वीस जणांची उघडी, लहान बोट. बंदिस्त बोट एवढी बुटकी का असते, यामागची गोष्ट मला फार आवडते. या शहरातील कालव्यांची पातळी समुद्रसपाटीच्या डच मोजणीच्या शून्याखाली सुमारे ४० सेंटिमीटरवर राखली जाते. भरती-ओहोटी शहरात शिरू दिली जात नाही. जुनी घरे दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत, आणि हे खांब पाण्याखाली असेपर्यंत शतकानुशतके टिकतात. पाणी खाली गेले आणि खांबांच्या माथ्याला हवा लागली की ते कुजू लागतात. डाम चौकातील राजवाडा १३,६५९ खांबांवर उभा आहे, आणि तिथली शाळकरी मुले हा आकडा वर्षाच्या ३६५ दिवसांच्या आधी १ आणि नंतर ९ लावून लक्षात ठेवतात. पातळी अशी स्थिर असल्यामुळे पुलाची कमान आणि पाणी यांमधील अंतरही बदलत नाही, म्हणून बोटबांधणी करणारा छपराची उंची कमानीच्या मापाने अगदी काटेकोर ठरवू शकतो. कमानीखालून जाताना वरचे दगड हात लावण्याइतके जवळ येतात. उघड्या बोटीत चालक ‘खाली बसा’ म्हणतो तेव्हा तो गंमत करत नसतो.

अंधार पडल्यावर मात्र बंदिस्त बोटीचा एक दोष उघड होतो, आणि जाहिरातीतल्या छायाचित्रांत तो कधीच दिसत नाही. आत दिवे लागले की काचेत बाहेरच्या घरांऐवजी तुमचेच टेबल, तुमचाच ग्लास आणि समोरच्या काकांचा चष्मा दिसू लागतो. पाऊस असेल तर काचेवर आतून वाफ धरते. म्हणून बंदिस्त बोट घ्यायचीच असेल, तर सरकणाऱ्या खिडकीशेजारची जागा मिळवण्यासाठी धक्क्यावर पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचावे. उघड्या बोटीत हा प्रश्न येत नाही, परंतु तिथे थंडी असते. जुलैतही रात्री नऊनंतर पाण्यावरचा वारा अंगाला झोंबतो. बोटीवर घोंगड्या देतात, तरी स्वतःचे जाकीट असू द्यावे. आणखी एक अडचण नाजूक असली तरी सांगायलाच हवी : लहान उघड्या बोटींवर बहुधा स्वच्छतागृह नसते. दीड तासाची फेरी आणि हवी तितकी बिअर, हे दोन्ही एकत्र करण्यापूर्वी याचा विचार करावा.

कालव्यांत वेगाची कमाल मर्यादा ताशी ६ किलोमीटर आहे, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकीच. या आकड्यावरून तिकिटाची जाहिरातही तपासता येते. तासाभराच्या फेरीत बोट सहा किलोमीटरहून अधिक जाऊ शकत नाही आणि पुलांपाशी थांबावे लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच जाते. तेव्हा शहरातील झाडून सगळी स्थळे तासाभरात दाखवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यांतली निम्मी दुरून दाखवली जाणार हे समजून घ्यावे. मला विचाराल तर नव्वद मिनिटांची फेरी घ्या, आणि शक्य असेल तर ध्वनिमुद्रित माहितीऐवजी चालक स्वतः बोलतो अशी.

[पडद्यावर : कालव्यांच्या अर्धवर्तुळांचा नकाशा]

आता पाण्यावरून काय दिसते ते पाहू. शहराच्या गाभ्याभोवती सिंगेल, हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे एकाबाहेर एक असे अर्धवर्तुळाकार पसरलेले आहेत. यांतले सिंगेल जुने. बाकीच्या तिघांचे खोदकाम १६१३ मध्ये सुरू झाले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात ते पूर्वेकडे वाढवण्यात आले. २०१० मध्ये या साऱ्या परिसराला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. घरे अरुंद आणि उंच आहेत, जिनेही अरुंद, म्हणून सामान वर चढवण्यासाठी बहुतेक घरांच्या माथ्यातून एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला आकडा असतो. कित्येक घरे दर्शनी बाजूने मुद्दाम थोडी पुढे झुकवून बांधलेली आहेत, म्हणजे दोराने वर जाणारे पोते भिंतीला घासत नाही. आजही तिथे कपाट किंवा पियानो खिडकीतूनच आत जातो. सगळाच कल मात्र मुद्दाम दिलेला नसतो. शेजारच्या घरावर कडेने रेललेले घर दिसले, तर त्याच्या पायातले खांब खचले आहेत असे समजावे.

हेरेनग्राख्तच्या ज्या वळणाला ‘सोनेरी वळण’ म्हणतात, तिथे घरे एकदम दुप्पट रुंद होतात. तिथून संध्याकाळी जाणे आणि दुपारी जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोटीत बसलेल्या माणसाची नजर रस्त्याच्याही खाली असते, त्यामुळे उजळलेल्या उंच खिडक्यांतून त्याला खोल्या दिसत नाहीत, छते दिसतात. चुनेगच्चीचे नक्षीकाम, रंगवलेली छतचित्रे, झुंबराचा खालचा लोलक असे सारे दिसते. डच लोक पडदे ओढून घेण्याच्या फारसे फंदात पडत नाहीत. दिवसा याच खिडक्या काळ्या दिसतात, आणि काठावरून चालणाऱ्यालाही हे छत एवढे दिसत नाही.

याच वळणावर ५०२ क्रमांकाचे घर आहे. ते आज महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे, आणि सतराव्या शतकात ते ज्या पाउलुस गोडिनसाठी बांधले गेले, तो माणसांच्या खरेदी-विक्रीत गुंतलेला होता. २००६ पासून घरासमोर तसे सांगणारा फलक आहे आणि १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. बहुतेक फेऱ्यांत या घरासमोर फक्त ‘महापौरांचा बंगला’ एवढेच सांगून बोट पुढे जाते.

बोट ओस्टरडॉक या जुन्या बंदराच्या भागाकडून जाणार असेल, तर सागरी संग्रहालयासमोर तीन डोलकाठ्यांचे भले मोठे जहाज उभे दिसते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ॲम्स्टरडॅम’ या जहाजाची ती प्रतिकृती आहे. मूळ जहाज १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या याच कंपनीने १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली होती, आणि तिचे भग्न अवशेष आजही तिथे उभे आहेत. कोकणातल्या माणसाने हे जहाज पाहताना एवढे मनात ठेवावे.

दिव्यांसाठी दोन जागा विशेष आहेत. आम्स्टेल नदीवरचा माखेरे ब्रुख हा लाकडी, मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा पांढरा पूल आहे. सध्याचा पूल १९३४ चा आहे आणि रात्री तो शेकडो दिव्यांनी आखलेला असतो. दुसरी जागा रेगुलियर्सग्राख्तच्या तोंडाशी आहे. तिथे बोट क्षणभर थांबते आणि चालक सर्वांना एका रेषेत बघायला सांगतो, कारण त्या नेमक्या ठिकाणाहून सात पुलांच्या कमानी एकात एक ओवलेल्या दिसतात. अर्धी कमान दगडाची, उरलेली अर्धी पाण्यातली. मागून दुसरी बोट भोंगा वाजवत असतेच, तेव्हा कॅमेरा आधीच काढून ठेवावा. प्रिन्सेनग्राख्तवर वेस्टरकेर्क या चर्चचा मनोरा आणि २६३ क्रमांकाचे ॲन फ्रँकचे घर लागते. १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षे तिचे ज्यू कुटुंब नाझींपासून वाचण्यासाठी या घराच्या मागच्या भागात लपून राहिले होते. तिथे बोटीवरचा गलका आपोआप कमी होईल अशी अपेक्षा असते, पण पेयांच्या फेरीत ती नेहमीच पुरी होते असे नाही.

आता अखेर त्या ग्लासाकडे येऊ. नेदरलँड्समध्ये मद्यपानाचे किमान वय १८ आहे. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा. ‘हवी तितकी पेये’ या तिकिटात सहसा साधी बिअर, साधी वाइन आणि शीतपेये एवढेच येते, कॉकटेल वेगळे मोजावे लागतात. तासाभरात दोन ग्लासांहून अधिक पिणार नसाल, तर ग्लासागणिक पैसे देणेच बहुधा स्वस्त पडते. मिळत असेल तर येनेव्हर अवश्य चाखा. ज्युनिपरच्या फळांचा स्वाद असलेली ही जुनी डच दारू लहानशा ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात अगदी काठोकाठ, किंचित फुगवटा येईल इतकी भरतात. रीत अशी, की हात न लावता वाकून पहिला घोट ओठांनीच घ्यायचा. कालव्याचे पाणी इतके संथ असते की बोटीतही हे जमते. न पिणाऱ्यांनी संकोच करण्याचे कारण नाही, शून्य अल्कोहोलची बिअर तिथे सर्रास मिळते.

खाण्याबाबत शाकाहारी मंडळींनी नीट विचारून घ्यावे. बिटरबॉलेन हे दिसायला बटाटेवड्याच्या धाकट्या भावासारखे गोल आणि कुरकुरीत असतात, परंतु आतले सारण प्रायः गोमांसाचे असते. पारंपरिक गौडा चीज बनवताना वासराच्या जठरातील विरजण वापरतात, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी चीजच्या ताटाबद्दलही आधी चौकशी करावी. तिकीट काढतानाच कळवले, तर वेगळी सोय होऊ शकते.

स्वतः चालवायची छोटी विजेची बोटही भाड्याने मिळते आणि पंधरा मीटरपेक्षा लहान, संथ बोटीला तिथे परवाना लागत नाही. तथापि, चालवणाऱ्याला मद्याची मर्यादा मोटारीप्रमाणेच रक्तात दरहजारी ०.५ इतकी आहे. शिवाय अंधारात, गर्दीच्या कालव्यात, आंधळ्या वळणावरून शंभर माणसांची बोट समोर आली की नवख्याची तारांबळ उडते. ज्यांना प्यायचे आहे, त्यांनी चालकाची बोट घ्यावी.

धक्क्यावर उतरताना उरलेला ग्लास किंवा डबा हातात घेऊन रस्त्यावर येऊ नका, कारण शहराच्या मध्यवर्ती भागात अनेक ठिकाणी उघड्यावर मद्यपानाला बंदी आहे आणि दंड जागेवरच होतो. भाड्याची सायकल घेऊन आला असाल, तर पिऊन ती चालवणे हाही तिथे गुन्हाच आहे. ती तशीच कुलूप लावून ठेवा आणि ट्रामने हॉटेलवर जा. ट्राम मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात, आणि जूनमधली सूर्यास्ताची फेरी साडेअकराच्या आसपास धक्क्याला लागते, तेव्हा शेवटच्या ट्रामची वेळ तिकीट काढतानाच पाहून ठेवा.