नाना कोण?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'अपंगत्व पेन्शन नाकारल्यावर अपील कसं करावं'. तिकडे वळतोच, पण आधी नानांची गोष्ट.

आमच्या शेजारच्या गावचा एक जवान, फौजेत तोफखान्यात नायक या हुद्द्यावर. भरतीच्या वेळी शेप-वन, म्हणजे अंगाला कुठे खोट नाही. सुटताना मेडिकल बोर्डाने लिहिलं, रक्तदाब, अपंगत्व 30 टक्के, आयुष्यभर. आणि पुढच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरं, एन ए एन ए. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. क्लार्क लोक त्याला सरळ 'नाना' म्हणतात. मीही क्लार्कच होतो, मीही म्हणायचो.

दावा फेटाळल्याचं पत्र आलं. नायकाने कुठल्याशा कचेरीत फोन लावला, तर पलीकडचा म्हणाला, "तुमची केस नानात गेली." बायको ऐकत होती. सकाळी माझ्या ओट्यावर हजर. "भाऊजी, हे नाना कोण? फार कडक आहेत का? ह्यांना जमत नसेल तर मी जाऊन भेटते."

हसा, मीही हसलो. मग तिने दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून कागद काढले. त्यात बर्फातल्या पोस्टिंगवरची एम.आय. रूमची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याची, एक चिठ्ठी. चार घड्या, घडीवरची शाई उडालेली, पण बी.पी.चा आकडा शाबूत. आणि बोर्डाने काय लिहिलेलं? 'आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात', म्हणजे सीमेपासून दूरच्या पोस्टिंगवर. आता शांतता क्षेत्रात किती शांतता असते ते इथे बसलेल्या सुभेदार साहेबांना विचारा. त्यांच्या हाताखालच्यांना आणखी नीट विचारा! माझा राग त्या एका ओळीवर आहे. माणूस पाहिला, चिठ्ठी पाहिली नाही, आणि...

चिठ्ठी मलाही आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे.

बरं, भराभर सांगतो. 2013 साली सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं, जवानाचं नाही. बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारण लिहावं लागतं. नुसतं 'नाना' हे कारण नव्हे. अपिलात हेच मागा, कारण दाखवा.

पहिलं अपील पत्र आल्यापासून सहा महिन्यांत, ते फेटाळलं तर दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. तिथेही सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर माफ होतो, पण थकबाकी बहुधा मागच्या तीन वर्षांचीच हातात पडते. अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा काही मिळत नाही. 20 किंवा जास्त, पण 50च्या आत असेल तर ते 50 धरतात. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के हा दर, म्हणजे आपल्या नायकाला त्याच्या 30चे 9 टक्के मिळण्याऐवजी 50 धरून 15 टक्के. हा फरक अर्जात मागितल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही.

21 सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना नवे नियम लागतात. त्यांनी माझ्या या भाषणावर विसंबू नये, वेगळं बोलू.

नायकाचं दुसरं अपील अजून पडून आहे. चहा आलेला दिसतोय. ज्यांच्या खिशात फेटाळल्याचं पत्र आहे त्यांनी मात्र आधी इकडे या, मला पत्रावरची तारीख बघायची आहे.