सकाळी ९ वाजून १० मिनिटं: लान नदीकाठचं बाड एम्स

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत गावाच्या नावाआधी ‘बाड’ दिसलं, की तिथे बहुधा औषधी पाण्याचे झरे आहेत असं समजायचं. बाड म्हणजे स्नान. पण कोब्लेन्झच्या पूर्वेला, लान नदीच्या काठी वसलेल्या बाड एम्सचं नाव झालं ते स्नानापेक्षा पाणी पिण्यामुळे. या गावाचा इतिहास कळायला आधी ते पाणी कसं प्यायचे हे कळायला हवं.

लानची दरी इथे अरुंद आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी आणि काठाला चिकटून लांबट गाव. डोंगरावर पडलेला पाऊस पाटीच्या दगडातल्या आणि क्वार्टझाइट या कठीण खडकातल्या भेगांतून खोल उतरतो. जमिनीखाली दर १०० मीटरला साधारण ३ अंश तापमान वाढतं, म्हणून पाणी तापतं, खनिजं विरघळवून घेतं, आणि खोलातून येणारा कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळला की तो वायूच त्याला वर ढकलायला मदत करतो. वर यायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे दरीचा तळ. म्हणून झरे नदीलगत. याचा तोटाही आहे. नदीचं थंड पाणी झऱ्यात शिरलं की ऊब आणि खारटपणा दोन्ही घटतात, त्यामुळे झरा खोलवर बंदिस्त करून, नळी घालून वेगळा ठेवावा लागतो. इथलं सर्वांत गरम पाणी ५७ अंशांच्या आसपास आहे. चव म्हणाल, तर कोमट सोड्यात मीठ घातल्यासारखी.

पिण्याचे झरे अनेक. क्रेनशेन आणि केसेलब्रुनेन ही त्यातली जुनी नावं. कुठल्या झऱ्याचं, किती पेले, नुसतं की दूध घालून, हे डॉक्टर ठरवून द्यायचे. पहाटे उठून उपाशीपोटी पहिला पेला. तोही घोट घोट, कारण वायूचं कोमट पाणी गटागट प्यायलं की पोट फुगतं. मग फेऱ्या मारायच्या, मग दुसरा पेला, पुन्हा फेऱ्या. न्याहारी त्यानंतर. सोबतीला बँड. म्हणजे सकाळच्या त्या वेळात गावातला झाडून सगळा पाहुणा, राजा असो की व्यापारी, नदीकाठच्या एकाच रस्त्यावर सापडायचा.

१३ जुलै १८७० ला प्रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य जर्मन राज्याचा, राजा पहिला विल्हेल्म असाच सापडला. स्पेनच्या रिकाम्या गादीसाठी त्याच्याच होहेनझोलर्न घराण्यातल्या लिओपोल्डचं नाव पुढे आलं होतं, फ्रान्स खवळला होता, आणि आदल्याच दिवशी ती उमेदवारी मागे घेतली गेली होती. खरं तर प्रकरण मिटलं होतं. पण फ्रेंच राजदूत बेनेदेत्तीने फेऱ्या मारायच्या त्या रस्त्यावर राजाला गाठलं आणि पुन्हा कधीही अशी उमेदवारी मान्य करणार नाही असं वचन मागितलं. राजाने सभ्यपणे नकार दिला. नंतर, आणखी काही सांगण्यासारखं नाही, असा निरोप सहायकाकरवी पाठवला. अधिकारी आबेकेन याने हा वृत्तांत तारेने बर्लिनला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याकडे धाडला. बिस्मार्कने त्यात मुख्यतः काटछाट केली. मऊ शब्द गेले, मधला वेळ गेला, आणि राजाने राजदूताला दारातून परत पाठवलं असं वाचणाऱ्याला वाटावं एवढंच उरलं. मजकूर त्याच संध्याकाळी छापून आला. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. त्या रस्त्यावर एक दगड बसवलेला आहे. त्यावर तारीख आहे आणि वेळ आहे, सकाळी ९ वाजून १० मिनिटं. पाणी पिण्याच्या वेळापत्रकाशी ती बरोबर जुळते.

जुगार आणि संगीत हीसुद्धा याच फिरस्त्या गर्दीची कमाई. सकाळ पाण्यात गेली, तर उरलेला दिवस काढायचा कसा? १८५८ मध्ये रेल्वे आली आणि गर्दी वाढली. संगीतकार ऑफेनबाख उन्हाळ्यात इथे यायचा. त्याच्या काही छोट्या संगीतिकांचे पहिले प्रयोग एम्समध्येच झाले. १८६६ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे गेला, आणि १८७२ च्या अखेरीस जुगारघर कायद्याने बंद झालं. ते परत उघडलं १९८७ मध्ये!

रशियन पाहुण्यांचं इथे स्वतःचं चर्च आहे, १८७६ चं, नदीपलीकडे. त्याच वर्षी मे महिन्यात झार दुसरा अलेक्झांडर इथे उपचारासाठी आला असताना त्याने एका हुकमावर सही केली: युक्रेनियन भाषेतल्या छपाईवर जवळपास सरसकट बंदी, बाहेरून पुस्तकं आणायला बंदी, नाटकांना बंदी. युक्रेनमध्ये तो आजही ‘एम्सचा हुकूम’ म्हणूनच ओळखला जातो. छातीच्या दुखण्यासाठी रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की चार उन्हाळे इथे आला आणि बायकोला लिहिलेल्या पत्रांतून गर्दीबद्दल, कंटाळ्याबद्दल कुरकुरत राहिला. पाणी मात्र नेमाने प्यायला.

पाण्याची आणखी एक करामत गावाने १८८७ मध्ये केली. मालबेर्ग डोंगरावर जाणारी गाडी इंजिनाशिवाय चालायची. दोन डबे एका दोराला बांधलेले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येतो, खालचा वर जातो. तळाला टाकी रिकामी करायची आणि पाणी पंपाने परत वर चढवायचं. वेग आवरायला रुळांमध्ये दात्यांची पट्टी. ही गाडी १९७९ पर्यंत टिकली. त्याच वर्षी समोरच्या डोंगरावर विजेवरची नवी गाडी सुरू झाली. तिचा चढ ७८ टक्के, म्हणजे आडव्या १०० मीटरला ७८ मीटर उंची.

२०२१ मध्ये युरोपातल्या इतर दहा स्नाननगरांबरोबर बाड एम्सचं नाव जागतिक वारशात गेलं. पण जर्मन घरांत एम्स पोचलं ते औषधाच्या दुकानातून: घशाच्या गोळ्या आणि नाक धुण्याचं मीठ. आपली जलनेतीच म्हणा ना. प्रमाण असं, की अडीच ग्रॅमची पुडी २५० मिलिलिटर पाण्यात. मीठ कमी पडलं की पाणी नाकाच्या आतल्या त्वचेत शिरतं आणि झोंबतं; जास्त झालं तरी आग होते. पाणी उकळून कोमट केलेलं हवं, थेट नळाचं नको. बेसिनवर पुढे वाकायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा, गिळायचं नाही. एका नाकपुडीतून घातलेलं दुसरीतून बाहेर येतं. नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर जोर लावू नका. आणि धुऊन झाल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरू नका, नाहीतर उरलेलं पाणी कानाकडे जातं. एकेक नाकपुडी, हलक्या हाताने.

नमस्कार.