ट्यूबाला धुम् धुम् सोडून बरंच येतं

(पडद्यावर : वाल्व्हवर तेल)

ट्यूबा म्हणजे खर्जातलं भलंमोठं पितळी फुंकवाद्य. त्याच्या वाल्व्हवर, म्हणजे बोटांनी दाबायच्या खटक्यांवर, तेलाचे दोन थेंब. बोटं चारदा खाली-वर. मग खालची किल्ली दाबली की फडक्यावर पाणी टपकतं. बघणाऱ्याला ही थुंकी वाटते. खरं तर बहुतेक श्वासातली वाफच, थंड पितळेवर जमलेली. बी-फ्लॅट सुरात बांधलेल्या ट्यूबाची नळी उलगडली तर साडेपाच मीटरच्या आसपास भरेल. एवढ्या नळीतून सूर निघायला अंमळ वेळ लागतो, म्हणून ड्रमबरोबर नेमकं पडायचं तर फुंकर किंचित आधी सोडावी लागते.

(जुनी छायाचित्रं)

१८३५ साली बर्लिनमध्ये पेटंट झालेलं हे वाद्य मुळात लष्करी बँडचं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांतून ते जाझमध्ये आलं. रस्त्याने चालताना डबल बेस, म्हणजे उभं धरायचं माणसाएवढं तंतुवाद्य, कोण वाजवणार? आपल्या वरातीतही खांद्यावर पितळेचं भलंमोठं तोंड घेतलेला एखादा बँडवाला दिसतो. त्याच्याकडून सगळ्यांची अपेक्षा एकच, धुम् धुम्. १९२५मध्ये मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण आलं, रेकॉर्डवर डबल बेस नीट ऐकू यायला लागला आणि काही वर्षांत ट्यूबावाल्यांच्या खुर्च्या गेल्या. फ्लेचर हेंडरसनच्या जाझ बँडमधल्या जॉन कर्बीला दोन्ही वाद्यं येत होती, म्हणून त्याचं निभावलं.

(न्यूयॉर्क, ५५वा रस्ता)

याच रस्त्यावर, एका चिनी लाँड्रीच्या मागे, तळघरातली एक खोली. भाडेकरू गिल एव्हान्स, क्लॉड थॉर्नहिलच्या बिग बँडचा अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा. थॉर्नहिलकडे फ्रेंच हॉर्न होते, ट्यूबा होता. सगळ्या बँडचा आवाज धुक्यातून आल्यासारखा. तोच रंग कमीत कमी माणसांत कसा मिळेल, यावर इथे रात्री-बेरात्री खल चालायचा. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस यायचा, सॅक्सोफोनवाला जेरी मलिगन यायचा. गणित नऊ वादकांवर थांबलं. त्यांत ट्यूबा राहिला, आणि गंमत म्हणजे डबल बेसही राहिला. ताल धरायला बेस होता, त्यामुळे ट्यूबा मोकळा झाला. त्याला बॅरिटोन सॅक्सशी, म्हणजे खालच्या पट्टीतल्या सॅक्सोफोनशी, जोडून चालीत घेतलं.

वाजवणारा बिल बार्बर. लेस्टर यंगचे सॅक्सोफोनवरचे सोलो उतरवून घेऊन तो ट्यूबावर वाजवायचा, असं सांगतात. १९४८च्या सप्टेंबरमध्ये हा संच रॉयल रूस्ट क्लबात वाजला, १९४९ आणि ५०मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं झाली. १९५७मध्ये एव्हान्सने डेव्हिससाठी मोठा वाद्यवृंद बांधला, तेव्हाही ट्यूबावर बार्बरच.

(तालमीची खोली. नोटेशनचं पान, जवळून)

पेन्सिलीचे हे स्वल्पविराम म्हणजे श्वासाच्या जागा. जाणता अरेंजर त्या आधीच सोडतो. न जाणणारा सलग आठ बार, म्हणजे तालाचे आठ खंड, लिहून मोकळा होतो, आणि इकडे वादक लालबुंद.

बार्बर पुढे लाँग आयलंडवर शाळेत संगीत शिकवायला लागला.

आता बॅरिटोन आणि ट्यूबा, एकत्र.

(इथून निवेदन नाही)