फुली असलेली इमारत

३ डिसेंबर १९९९. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात, महामार्गालगतच्या एका सहा मजली शीतगृहातून संध्याकाळी सहाच्या सुमारास धूर निघताना दिसला. १९०६ साली बांधलेली ही इमारत ओस पडली होती. परंतु तिथे बेघर माणसे आसऱ्याला येतात हे माहीत असल्याने अग्निशमन जवान शोधासाठी आत शिरले. ज्यांची मेणबत्ती कलंडून आग लागली, ते दोघे मात्र कोणालाही न कळवता केव्हाच निघून गेले होते.

शीतगृहाचे जे गुण, तेच इथे जिवावर उठले. वरच्या मजल्यांना खिडक्या नव्हत्या, विटांच्या जाड भिंतींना आतून बूच, डांबर आणि फोमचे थर होते, आणि सगळ्या मजल्यांना जोडणारा जिना एकच होता. धूर इतक्या झपाट्याने दाटला की दोन जवानांना त्या जिन्याची वाट सापडेना. पाठीवरच्या सिलिंडरमधील हवा संपत आल्याचे त्यांनी रेडिओवर कळवले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. तेव्हा अधिकारी मायकेल मॅकनामी यांनी जिन्यापाशी आडवे उभे राहून पुढच्या जवानांना रोखले. त्या रात्रीचा सर्वांत अवघड निर्णय बहुधा हाच असावा. सहाही मृतदेह हाती लागायला आठ दिवस गेले.

अग्निशमन जवानांच्या अशा मृत्यूंचा तपास १९९८ मध्ये नायॉश या, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने सुरू केला. दोषी ठरवणे हे तिचे काम नाही. वूस्टरवरील अहवालाच्या शीर्षकात तर राज्याचे नाव आहे, शहराचेही नाही. कोण कुठे आहे याची सतत नोंद, परतीच्या वाटेसाठी दोर, उष्णता टिपणारे कॅमेरे आणि धोकादायक रिकाम्या इमारतींवर आधीच खूण, अशा साध्या शिफारशी त्यात आहेत. आज तिथल्या अनेक शहरांत पडक्या इमारतींवर लाल फलकावर पांढरी फुली दिसते, ती याच विचारातून.

जवान निश्चल पडला की कर्कश वाजणारे एक यंत्र त्याच्या अंगावर असते. काही मृत्यूंच्या तपासात ते कोणालाच ऐकू आले नसल्याचे आढळले, आणि चाचण्यांत कारण सापडले: तीव्र उष्णतेत त्याचा आवाज क्षीण होत होता. २००७ पासून हे यंत्र भट्टीच्या तापमानातही वाजते का, हे तपासूनच मान्य केले जाते.