सावली वाचायची कशी? दिल्लीचं जंतर मंतर

पटेल चौक मेट्रो स्थानकातून संसद मार्गाला लागलं, की थोडं चालल्यावर झाडांआडून लालसर गिलाव्याचे प्रचंड आकार दिसू लागतात. जंतर मंतरला आलेला माणूस बहुधा मोठ्या त्रिकोणापुढे फोटो काढतो आणि निघतो. आपण थोडं थांबू. ही यंत्रं आहेत आणि ऊन असेल तर आजही वाचता येतात. मात्र यायचं ते सकाळी साडेअकराच्या सुमाराला. डिसेंबर-जानेवारीत धुकं दाटलेलं असेल तर बेत पुढं ढकला. सावलीच नाही तर बघायचं काय?

ही वेधशाळा बांधली आंबेरच्या सवाई जयसिंगानं. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांचा हा खापरपणतू. आवारातल्या एका जुन्या फलकावर १७१० हे साल आहे, पण तो फलक १९१० मध्ये बसवलेला. अभ्यासक आता १७२४ हे साल धरतात.

जयसिंगाची तक्रार पितळी यंत्रांबद्दल होती. ती लहान, त्यामुळे अंशांचे बारीक भाग पाडायला जागा नाही. वापरून आस झिजतो, मध्यबिंदू सरकतो आणि वेध चुकतात. त्यावर त्यानं काढलेला तोडगा म्हणजे दगड-चुन्याचं, जागचं न हलणारं, अवाढव्य यंत्र.

हे सम्राट यंत्र. त्रिकोणाची तिरकी कड १२८ फूट लांब आहे. ती जमिनीशी सुमारे २८ अंश ३७ कलांचा कोन करते, म्हणजे दिल्लीच्या अक्षांशाइतका. त्यामुळे ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते आणि वरचं टोक ध्रुवाकडे रोखलेलं असतं. दोन्ही बाजूंना चढत गेलेल्या कमानी म्हणजे घड्याळाची तबकडी. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर असते आणि हळूहळू खाली उतरते. सूर्य माथ्यावर आला की ती कमान सोडते आणि पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. साडेअकराला या म्हटलं ते याचसाठी.

कमानीची त्रिज्या सुमारे १५ मीटर, म्हणून सावली मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर सरकते. डोळ्यांना दिसेल इतकी! पण नेमकी इथंच अडचण येते. सूर्य काही बिंदू नव्हे, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावलीची कड धारदार पडत नाही; गडद ते फिकट असा सुमारे १४ सेंटीमीटरचा धूसर पट्टा पडतो. म्हणजे दोन मिनिटांचा घोळ. यंत्र आणखी मोठं केलं तर पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावणार. आकार वाढवून मिळणारा नेमकेपणा इथं संपतो. उपाय साधा आहे: तिरक्या कडेला समांतर धरलेला ताणलेला दोरा कमानीपासून सेंटीमीटरभर वर ठेवायचा आणि त्याची बारीक सावली धूसर पट्ट्यात कुठं विरते ते टिपायचं. आज मात्र यंत्रांवर चढायला मनाई आहे, त्यामुळे हा प्रयोग मनातच करायचा.

आता हातातलं घड्याळ बघा. ते जुळणार नाही, आणि दोष यंत्राचा नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, दिल्ली ७७.२ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे इथली वेळ २१ मिनिटं मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर एकाच चालीनं चालत नाही. ११ फेब्रुवारीच्या आसपास तो १४ मिनिटं मागे असतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. सावली बारा दाखवते तेव्हा फेब्रुवारीत घड्याळात १२:३५ झालेले असतात, नोव्हेंबरात जेमतेम १२:०५.

दक्षिणेकडे रामयंत्राच्या दोन गोल इमारती आहेत. मध्ये खांब, त्याची उंची आणि भिंतीपर्यंतचं अंतर सारखंच. सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असला की माथ्याची सावली फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर पडते. वर चढला की फरशीवर, खाली उतरला की भिंतीवर. फरशी सलग नाही, पट्ट्यापट्ट्यांची आहे. का? वेध घेणाऱ्याला उभं राहायला जागा हवी म्हणून. एका इमारतीत जिथं पट्टा, तिथं दुसरीत मोकळी जागा, म्हणजे दोन्ही मिळून वर्तुळ पुरं होतं. इथली सर्वांत हुशार रचना हीच. दुर्दैवानं चौफेर उंच इमारती उभ्या राहिल्यामुळे क्षितिजाजवळचा सूर्य आता इथवर पोचत नाही, आणि डागडुजीच्या गिलाव्याखाली जुन्या खुणाही बऱ्याच गेल्या.

जाण्यापूर्वी मिश्र यंत्राच्या, म्हणजे अनेक यंत्रं एकत्र बांधलेल्या इमारतीच्या, मागं एक फेरी मारा. तिथली उत्तरेची भिंत सरळ उभी नाही, सुमारे ५ अंश कललेली आहे. २१ जूनच्या मध्यान्हाला दिल्लीत सूर्य डोक्याच्या तेवढाच दक्षिणेला असतो. म्हणून भर दुपारचं ऊन या भिंतीला निसटतं शिवतं, ते फक्त त्या दिवसांत.